गुन्हा, गुनाह आणि आपण

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या एका तरुणाने जीव दिला. वय सव्वीस-सत्तावीस. हप्त्यावर घेतलेली रिक्षा चालवायचा. रात्री इशाच्या नमाजनंतर बातमी पसरली. दवाखाना, पंचनामा, शवविच्छेदन हे सगळे होऊन मय्यत दुसऱ्या दिवशी असरच्या सुमारास घरी आली. तोवर दारात जमलेल्या मंडळींनी दोन गोष्टी ठरवून टाकल्या होत्या. बाहेरगावच्या नातेवाइकांना 'हार्ट अटॅक' म्हणून सांगायचे, ही पहिली. जनाज्याची नमाज पढायची की नाही हे मौलानांना विचारायचे, ही दुसरी.

आमचे पेशइमाम म्हातारे होते. फारसे बोलत नसत. ते आले, तेव्हा पडद्यामागून त्या मुलाच्या आईचा आवाज आला, ''मौलानासाब, मेरा बच्चा दोजख में गया क्या?'' अंगणात उभी असलेली पन्नास-साठ माणसे एकदम गप्प झाली. मौलाना थोडा वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, ''बहन, वो फैसला मेरा नहीं, तेरा नहीं, इन लोगों का भी नहीं. अपने हाथ में दुआ है. वो करेंगे.'' आणि आमच्याकडे वळून एवढेच म्हणाले, ''गुसलची तयारी करा. नमाज मी पढवतो.''

नमाज झाली, दफन झाले. परतताना एक बुजुर्ग माझ्याजवळ कुरकुरले, ''अशांची नमाज पढवली तर उद्या पोरं कशाला भितील?'' मी काही बोललो नाही. त्यांचा प्रश्न मात्र घरापर्यंत माझ्याबरोबर आला आणि अजून गेलेला नाही. आत्महत्या करणाऱ्याला भीतीने थांबवायचे असते का? धर्माने घातलेली बंदी माणसाला वाचवते, की वाचवणारी गोष्ट वेगळीच असते?

या प्रश्नाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, हे आधीच कबूल केले पाहिजे. तो मुलगा शाळेत माझा विद्यार्थी होता. जाण्याच्या तीन आठवडे आधी तो रस्त्यात भेटला होता. ''सर, झोप लागत नाही. डोकं चालत नाही. कशातच मन नाही,'' म्हणाला. मी घाईत होतो. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, ''नमाज सोडू नकोस. सब्र कर. सगळं ठीक होईल.'' तो ''हां सर'' म्हणाला आणि गेला. मी सांगितले त्यात खोटे काही नव्हते. पण मी त्याचे ऐकले नव्हते. आपल्याकडे चांगला सल्ला हा पुष्कळदा न ऐकण्याचा सभ्य मार्ग असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इस्लाममध्ये आत्महत्या हराम आहे, याबद्दल दुमत नाही. सूरे निसामध्ये स्वतःला मारू नका अशी स्पष्ट मनाई आहे. हदीसमध्ये तर याविषयी फार कडक इशारे आहेत. एका हदीसनुसार, ज्याने स्वतःचा जीव घेतला होता अशा माणसाच्या जनाज्याची नमाज पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांनी स्वतः पढली नाही. आमच्या बुजुर्गांच्या मनात बहुधा हीच हदीस होती. ती खरी आहे, नाकारण्याचे कारण नाही.

पण पुढची गोष्ट आपण विसरतो. बहुसंख्य फकीहांनी या हदीसचा अर्थ असा लावला की, पैगंबरांनी इशारा म्हणून स्वतः नमाज पढली नाही, पण समाजाला नमाजपासून रोखले नाही. कर्ज ठेवून मेलेल्यांच्या बाबतीतही सुरुवातीच्या काळात असेच घडले होते. तिथे तर त्यांनी आपल्या साथीदारांना नमाज पढायला सांगितले. हनफी पंथात इमाम अबू युसूफ यांचे मत वेगळे असले, तरी फत्वा याच बाजूने आहे की गुसल, कफन आणि नमाज हे सारे करायचे. शाफई पंथाचेही म्हणणे तेच. घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी आणि कोकणातले बहुसंख्य शाफई. म्हणजे महाराष्ट्रातल्या जवळजवळ सर्व मुसलमानांना त्यांचाच फिकह सांगतो की, या मय्यतीला वाळीत टाकू नका. तरीही दर वेळी दारात तोच प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न किताबातून आलेला नाही. तो आपल्या मनातून येतो.

दुसरी एक हदीस आहे. ती 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे, पण मिंबरवरून क्वचितच ऐकू येते. तुफैल बिन अम्र हे दौस कबिल्यातले. त्यांच्याबरोबर त्यांच्या कबिल्यातला एक माणूस हिजरत करून मदिनेला आला. तिथे तो आजारी पडला. वेदना सहन न होऊन त्याने आपल्या हातांना इजा करून घेतली आणि त्यातच तो गेला. पुढे तुफैल यांना तो स्वप्नात दिसला. चांगल्या स्थितीत होता, पण हात झाकलेले होते. त्याने सांगितले की, हिजरतीमुळे अल्लाहने मला माफ केले, पण जे तू स्वतः बिघडवलेस ते आम्ही दुरुस्त करणार नाही असे मला सांगण्यात आले. तुफैल यांनी हे स्वप्न पैगंबरांच्या कानी घातले. तेव्हा पैगंबरांनी दुआ केली की, या अल्लाह, त्याच्या हातांनाही माफ कर.

ही हदीस वाचली की मी दर वेळी थांबतो. त्या कृत्याला इथे बरोबर म्हटलेले नाही. हात झाकलेलेच आहेत. पण त्या माणसाला कोणी टाकून दिलेले नाही. जे दुरुस्त होणार नाही असे सांगितले गेले, त्यासाठीही पैगंबर हात उचलून मागतात. आमच्या पेशइमामांनी त्या आईला सांगितले, ते याहून वेगळे काय होते?

मनाईची आयत ज्या ठिकाणी येते, तिथेही लगेच पुढे अल्लाह तुमच्यावर मेहरबान आहे असे कारण दिलेले आहे. मनाईच्या मागे रहमत उभी आहे. आपण रहमत वगळून फक्त मनाई पाठ केली. त्याचा परिणाम असा होतो की, ज्याच्या मनात मरणाचे विचार येतात तो ते कोणाजवळ बोलत नाही. बोलला तर पहिले वाक्य ऐकू येणार, ''तोबा कर, हराम आहे.'' बुडणाऱ्याला पोहणे का शिकला नाहीस म्हणून दटावावे, तसे हे आहे. त्या क्षणी त्याच्या यातनेवर आपण आणखी एक ओझे ठेवतो, गुनाहगार असल्याचे. जो आधीच स्वतःला निरुपयोगी समजतो आहे, त्याला आपण सांगतो की अल्लाहलाही तू नकोसा आहेस. कुरआन तर याच्या उलट सांगतो. सूरे जुमरमध्ये स्वतःवर अत्याचार केलेल्यांनाच उद्देशून म्हटले आहे की, रहमतीपासून निराश होऊ नका.

सब्र या शब्दाचेही आपण असेच केले. सब्र म्हणजे तोंड मिटून बसणे, अशी समजूत रूढ झाली. कुरआनातले पैगंबर तोंड मिटून बसत नाहीत. मुलाच्या वियोगात हजरत याकूब यांचे डोळे रडून पांढरे झाले. हजरत अय्यूब यांनी आपले दुःख उघडपणे अल्लाहपुढे मांडले. प्रसूतीच्या वेदनेत, बदनामीच्या भीतीने एकट्या पडलेल्या हजरत मरयम यांच्या तोंडून तर असे उद्गार निघाले की, याआधीच मी मेले असते तर बरे झाले असते. त्यावर त्यांना कोणी झापले नाही. दुःख करू नकोस असे सांगून पायाशी वाहते पाणी दाखवले, खजुरीचे झाड हलवून खायला सांगितले. आधी धीर, पाणी आणि अन्न. उपदेशाची घाई नाही. मरणाची इच्छा बोलून दाखवणाऱ्याशी कसे वागावे, याचा यापेक्षा चांगला वस्तुपाठ मला माहीत नाही.

आता बुजुर्गांच्या भीतीच्या मुद्द्याला उत्तर दिले पाहिजे. भीतीचा काहीच उपयोग नाही, असे मी म्हणणार नाही. धर्माशी जोडलेपण मरणाचे विचार येण्यापासून वाचवतेच असे नाही, पण प्रत्यक्ष प्रयत्नापासून काही प्रमाणात रोखते, असे अभ्यासकांना दिसून आले आहे. 'अल्लाहला काय तोंड दाखवू' या एका विचाराने माघारी फिरलेली माणसे आपल्यात आहेत. तेव्हा बंदी राहू द्यावी. प्रश्न असा की, बंदी एकटी पुरते का?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खिम यांनी १८९७ साली आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. ते स्वतः एका रब्बीचे, म्हणजे ज्यू धर्मगुरूचे पुत्र. युरोपातल्या नोंदी पाहताना त्यांना दिसले की प्रोटेस्टंटांमध्ये आत्महत्या जास्त, कॅथलिकांमध्ये कमी. दोन्ही पंथांत आत्महत्येची मनाई सारखीच कडक. मग फरक कशाचा? दुर्खिम यांचे उत्तर असे की, फरक मनाईचा नाही, माणूस समूहाशी किती बांधलेला आहे याचा आहे. त्यांच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. पण त्यांनी दाखवलेली दिशा आपल्या कामाची आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर, हराम हा शब्द माणसाला उंबरठ्यावर क्षणभर थांबवतो. तिथून त्याला घरात परत आणते ती जमात. थांबलेल्याला न्यायला कोणी आलेच नाही, तर तो किती वेळ थांबणार?

याच ग्रंथाच्या एका तळटीपेत दुर्खिम दुसऱ्या बाजूकडेही बोट दाखवतात. बंधन फार आवळले, पुढचा रस्ताच बंद झाला, तर माणूस त्यानेही गुदमरतो. आपल्या घरांतल्या बायकांकडे पाहिले की हे पटते. देशात आत्महत्या करणाऱ्या स्त्रियांमध्ये निम्म्याहून अधिक गृहिणी असतात, असे २०२२ सालच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात दिसते. गृहिणी म्हणजे जी कधी घराबाहेर एकटी नसते, जिच्याभोवती कायम माणसे असतात, ती. माणसे असतात, पण तिच्या बाजूचे कोणी नसते. शरियतने महर देण्याची जबाबदारी नवऱ्यावर टाकली. आपण शेजारपाजारचे पाहून जहेज घेऊ लागलो. मुलगी माहेरी येऊन रडते तेव्हा ''इज्जत का सवाल है'' म्हणून तिला परत पाठवतो. सासरचे दार आतून बंद आणि माहेरचे बाहेरून. मग ती गेली की तिला दोजखी ठरवायला आपण मोकळे. तिच्या गुनाहाचा हिशेब मांडताना आपला वाटा किती, हे कोण मोजणार?

त्याच अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्र सर्वांत पुढे, २२,७४६. कारणांत कौटुंबिक कलह आणि आजार वरच्या क्रमांकावर. मरणाऱ्यांत दर चौघांमागे एकाहून अधिक रोजंदारीवर जगणारा. कर्ज, बेकारी, दारू, नापास होणे, यातले आपल्या मोहल्ल्यात काय नाही? 'मुसलमान असे करत नाही' या समाधानात राहणे म्हणजे घरातला धूर दिसत असताना खिडकी लावून घेणे. जिथे पाप, बदनामी आणि पोलीस या तिन्हींची भीती असते, तिथे आत्महत्येची नोंद हार्ट अटॅक, अपघात अशा नावांखाली होते. मी स्वतः अशा एका नोंदीचा साक्षीदार आहे.

पोलिसांच्या भीतीबद्दल एक सांगायला हवे. इंग्रजांनी १८६० साली आणलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. वाचलेल्या माणसाला दवाखान्यातून कोर्टात जावे लागे. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे गृहीत धरले की, प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली असतो, त्याला शिक्षा नको, उपचार हवेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम राहिले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला. सरकारला हे कळायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. पण फिकहमध्ये हे तत्त्व पहिल्यापासून आहे. झोपलेला, लहान मूल आणि भान हरपलेला या तिघांच्या नावे हिशेब लिहिला जात नाही, अशी हदीस आहे. तीव्र नैराश्यात बुडालेल्या माणसाचे भान किती शाबूत असते, हे डॉक्टरांना विचारावे. हिशेब ज्याचा त्याच्याकडे सोपवावा.

डॉक्टरांचा विषय निघाला की आपल्याकडे ''असर आहे'', ''कोणीतरी केलंय'' सुरू होते. आपला इतिहास असा नाही. नवव्या-दहाव्या शतकातल्या अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. त्यात दुःखाचे प्रकार वेगळे करून त्यांचे उपाय सांगितले. कैरोत सुलतान कलावून यांनी १२८४ साली उभारलेल्या दवाखान्यात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. आणि आपल्या काळात, ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका ठिकाणी आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण पळूही शकले नाहीत. कलावूनच्या दवाखान्यापासून एरवाडीच्या साखळीपर्यंत आपण कसे आलो, याचा विचार व्हायला हवा. दुआ सोडा असे कोणी म्हणत नाही. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावर दुआ करतात आणि रुग्णाला तिथेच बसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. श्रद्धा दुखावली जात नाही आणि औषधही मिळते. हे आपल्या गावात का होऊ नये?

काय करता येईल, हे सांगायला फार विद्वान असावे लागत नाही. जकातीचे जे आठ हकदार कुरआनात सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेले आहेत. आपल्या किती अंजुमन त्यांचा वाटा वेगळा काढतात? त्या मुलाच्या रिक्षाचे चार हप्ते थकले होते. त्याच रमजानमध्ये आमच्या मशिदीला नवीन झुंबर लागले होते. मशिदीचा मी विरोधक नाही, पण हा हिशेब मला मांडावासा वाटतो.

शेतावरच्या घरात कीटकनाशक कुलपात ठेवावे. श्रीलंकेने १९९५ नंतर अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. तिथल्या लोकांचा धर्म बदलला नव्हता, दुःखही संपले नव्हते. फक्त त्या वाईट घटकेला हाताशी विष नव्हते. ती घटका टळली आणि माणसे जगली.

आणि विचारावे. ''जीव नकोसा वाटतोय का? मरणाचे विचार येतात का?'' असे सरळ विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने उलट मन मोकळे होते. उत्तर 'हो' आले तर घाबरू नये, तोबा तोबा करू नये, त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरकडे बरोबर जावे. सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, फुकट बोलता येते. हा आकडा मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांखाली लिहायला काय हरकत आहे? ज्याने एक जीव वाचवला त्याने जणू साऱ्या मानवजातीला वाचवले, हे आपण दर जलशात सांगतो. ते करण्याची ही साधी रीत आहे.

मराठीत आपण 'जीव दिला' म्हणतो. जीव ही अल्लाहची अमानत आहे, ती परत देण्याचा हक्क आपल्याला नाही, असे दीन सांगतो. मला हे मान्य आहे. पण अमानत सांभाळणाऱ्याचे हात थकले, ओझ्याखाली तो वाकला, तर जवळ उभ्या असलेल्यांनी काय करायचे? अमानतीचा कायदा वाचून दाखवायचा, की एका बाजूने हात लावायचा? त्या दिवशी मी रस्त्यात कायदा वाचून दाखवला होता.

त्या मुलाच्या जनाज्याला सहा सफा झाल्या होत्या. एवढी माणसे त्याच्यासाठी खांद्याला खांदा लावून उभी राहिली. जाण्याआधीचे दोन-तीन जुमे तो मशिदीत आलाच नव्हता. त्याची सफेतली जागा रिकामी होती आणि शेजारच्याने थोडे सरकून ती भरून काढली होती. कोणी चौकशी केली नाही. मीही नाही. आता जुम्याला सलाम फेरताना मी उजवीकडे आणि डावीकडे जरा नीट पाहतो. कोणी दोन जुमे दिसला नाही, तर संध्याकाळी त्याच्या घरी जातो. ''काय रे, कुठं होतास?'' म्हणतो, चहा मागतो आणि बसतो. बहुतेक वेळा काहीच नसते, तो गावाला गेलेला असतो. एकदा मात्र चहा संपल्यावरही समोरचा उठू देईना. त्या रात्री आम्ही फजरच्या अजानपर्यंत बसलो होतो.